सुट्टी बेटावरची, प्रश्न पाण्याच्या भीतीचा

प्रश्न : पत्रलेखिकेचे वय 47 आहे. पती, 19 वर्षांचा मुलगा आणि 14 वर्षांची मुलगी यांच्यासह दहा दिवसांसाठी स्पेनच्या कॅनरी द्वीपसमूहातील फुएर्तेव्हेंतुरा या बेटावर जाण्याचा त्यांचा विचार आहे. एकदा तरी लाटेवर उभे राहायचे, ही त्यांची फार जुनी इच्छा. मुलाने याआधी आठवडाभराचे सर्फिंगचे प्रशिक्षण घेतले आहे. त्याच्या मते डिसेंबरअखेर जावे, कारण उत्तर किनाऱ्यावर मोठ्या लाटा तेव्हाच येतात. पतीला पोहता येत नाही. लहानपणी ते विहिरीत बुडता बुडता वाचले. ‘ज्वालामुखीचे बेट म्हणजे काळे खडक आणि त्यावर आपटणारा समुद्र, तिथे मुलांना पाण्यात कशाला घालायचे,’ असे म्हणून ते दुसरीकडची एखादी शांत पुळण सुचवतात. मुलीला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि डिसेंबरअखेर अशी दोनदा सुट्टी असते. ‘मुलाचे ऐकावे तर नवरा दहा दिवस जीव मुठीत धरून बसेल, नवऱ्याचे ऐकावे तर माझे सर्फिंग कायमचे राहील. या वयात हा हट्ट सोडून द्यावा का?’ असे त्या विचारतात.

ताई,

तुमच्या पत्रात ‘हट्ट’ हा शब्द तीनदा आला आहे आणि तिन्ही वेळा तो तुम्ही स्वतःच्याच इच्छेसाठी वापरला आहे. मुलाच्या मोठ्या लाटांना तुम्ही ‘आवड’ म्हणता, यजमानांच्या नकाराला ‘काळजी’ म्हणता, आणि स्वतःपाशी आलात की हट्ट. सोडायचा असेल तर आधी हा शब्द सोडा. सत्तेचाळिसाव्या वर्षी सर्फिंग शिकता येते. त्यासाठी वयापेक्षा पोहण्याचा सराव, खांद्यांतली ताकद आणि योग्य जागा या गोष्टी लागतात, आणि तिन्ही मिळवता येण्यासारख्या आहेत. तुम्ही मांडलेला पेच मात्र मला जरा वेगळा दिसतो. मुलगा की नवरा, अशी निवड तुमच्यापुढे आहे असे तुम्ही गृहीत धरले आहे, कारण दोघांची मते तुम्ही जशीच्या तशी खरी मानली आहेत. मला वाटते, दोघेही अर्धवट माहितीवर बोलत आहेत.

आधी मुलाचे पाहू. मोठी लाट म्हणजे चांगली लाट, ही समजूत समुद्रकाठी उभे राहून लाटा पाहणाऱ्याची असते. नवशिक्याला लागते ती गुडघ्याएवढी किंवा फार तर कमरेएवढी, वाळूवर येऊन आधीच फुटलेली, फेसाळ पाण्याची लाट. तिच्या धक्क्यावर फळीवर उठून उभे राहणे हाच पहिल्या आठवड्याचा अभ्यासक्रम असतो. लाटेची उंची दुप्पट झाली की तिच्यातील ऊर्जा चौपट होते, त्यामुळे ‘थोडी मोठी’ लाट ही प्रत्यक्षात थोडी मोठी नसते. हिवाळ्यात उत्तर अटलांटिकवर दूर कुठे तरी वादळे होतात आणि त्यांची लाट शेकडो मैल प्रवास करून या बेटाच्या उत्तर आणि पश्चिम किनाऱ्यावर पोहोचते. कोरालेहो आणि एल कोतियो या दोन गावांच्या मधल्या ज्या उत्तर किनाऱ्याविषयी तुमचा मुलगा बोलतो, तिथे या लाटा बहुतेक ठिकाणी वाळूवर फुटत नाहीत. त्या फुटतात पाण्याखालच्या लाव्हाच्या खडकावर. तळ ठरलेला असल्यामुळे लाट सुरेख आणि नियमित आकाराची फुटते, म्हणून जाणकारांना ती प्रिय असते. पण पडल्यावर खाली उथळ पाणी, धारदार खडक आणि त्याच्या खाचांत समुद्री साळिंदरासारखे काटेरी जीव असतात. आठवडाभराच्या शिकवणीत माणूस फेसात उभा राहायला शिकतो. लाट कुठे फुटणार, तिथे कोणाचा हक्क आहे, परत कोणत्या वाटेने यायचे, हे शिकायला त्याहून बराच अधिक काळ लागतो. डिसेंबरअखेरचा उत्तर किनारा तुमच्यासाठी तर नाहीच, पण तुमच्या मुलासाठीही अजून नाही. हे त्याला तुम्ही सांगण्यापेक्षा तिथल्या प्रशिक्षकाने पाहून सांगितलेले अधिक चांगले, कारण एकोणिसाव्या वर्षी आईच्या तोंडून आलेला धोका कमी खरा वाटतो.

आता यजमानांचे. त्यांच्या डोळ्यांसमोर जे चित्र आहे ते बहुधा शेजारच्या बेटांचे असावे. लांझारोते बेटावर 1730 ते 1736 अशी सहा वर्षे उद्रेक चालू होते आणि त्याखाली गावेच्या गावे गाडली गेली. ला पाल्मा बेटावर 2021 मध्ये सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत लाव्हा वाहत होता आणि ती दृश्ये आपण सर्वांनी घरबसल्या पाहिली. फुएर्तेव्हेंतुरा याच द्वीपसमूहातले असले तरी ते त्यातले सर्वांत जुने बेट आहे. त्याचे वय दोन कोटी वर्षांहून अधिक आहे, आणि माणसाने नोंदी ठेवायला लागल्यापासून तिथे एकही उद्रेक झालेला नाही. इतक्या काळात वारा आणि पाणी यांनी त्याचे डोंगर झिजवून टाकले आहेत. याच द्वीपसमूहातल्या तेनेरिफे बेटावरचा तेइदे हा ज्वालामुखी 3,715 मीटर उंच आहे, तर या बेटाचा सर्वांत उंच माथा अवघा 807 मीटरचा. बेट असे बुटके असल्यामुळे ढग अडत नाहीत, पाऊस फार कमी पडतो, आणि सगळा प्रदेश पिवळसर-तपकिरी, उघडाबोडका दिसतो. हिरव्यागार बेटाची कल्पना करून कोणी तिथे गेले तर पहिल्या दिवशी हिरमोड होईल, हे तुमच्या घरातल्या सर्वांना आत्ताच सांगून ठेवा.

वाळूचीही गंमत आहे. पश्चिमेच्या आहुई गावाजवळ काळ्या वाळूचा किनारा आहे खरा, पण बेटावरच्या प्रसिद्ध पुळणी फिकट, जवळजवळ पांढऱ्या आहेत. ती वाळू ज्वालामुखीची नाहीच. समुद्रातले शंख-शिंपले आणि चुनखडी कवचाचे जीव लाखो वर्षे दळले जाऊन ती तयार झाली आहे. कोरालेहोच्या दक्षिणेला या वाळूच्या टेकड्यांचे संरक्षित नैसर्गिक उद्यान आहे आणि त्या टेकड्या थेट समुद्राला भिडतात. तेव्हा ‘काळे खडक आणि आपटणारा समुद्र’ हे वर्णन बेटाच्या काही भागाला लागू आहे, साऱ्या बेटाला नाही. मात्र ते चूक आहे असेही मी म्हणणार नाही. पश्चिमेच्या उघड्या किनाऱ्यावर, विशेषतः दक्षिण टोकाजवळच्या कोफेते या विलक्षण सुंदर किनाऱ्यावर, पोहणे खरोखर धोक्याचे आहे. तिथे वाळू अंगाला लावा, डोंगर पाहा, आणि पाण्यात उतरू नका. तिथे जाणारा रस्ता कच्चा आहे, आणि भाड्याच्या मोटारीचा विमा कच्च्या रस्त्यावर पुष्कळदा लागू होत नाही, हेही करार वाचून पाहा.

म्हणजे मुलाला हवी ती लाट आणि यजमानांना भीती वाटते ती लाट एकच आहे, आणि तुमच्या शिकण्यासाठी ती लागतच नाही. तुम्हाला हवा तो समुद्र याच बेटावर, पण वेगळ्या महिन्यात आणि वेगळ्या किनाऱ्यावर आहे.

महिन्याबाबत माझे मत स्पष्ट आहे : मुलीच्या दोन सुट्ट्यांपैकी ऑक्टोबर-नोव्हेंबरची घ्या, आणि त्यातही जितके आधी जमेल तितके जा. उन्हाळ्यात, जून ते ऑगस्टमध्ये, ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे तिथे इतके जोरात वाहतात की पुळणीवर निवांत बसणे अवघड होते आणि लाटांचा पृष्ठभाग विस्कटतो. हिवाळ्यात वारा उतरतो, पण लाट वाढते आणि पाणी थंड होत जाते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ते 18 अंशांच्या आसपास असते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाणी वर्षातले सर्वांत उबदार, सुमारे 22-23 अंश, वारा बराच मंदावलेला आणि अटलांटिकची लाट नुकती जागी होऊ लागलेली असते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला एखादी मोठी लाट येऊ शकते, पण ती आली तरी एक-दोन दिवस थांबायला तुमच्यापाशी वेळ असेल. या उबदार पाण्यातही दोन तास राहायचे तर पातळ वेटसूट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख, लागतोच. तो बहुतेक शिकवणीबरोबर मिळतो, विकत घेऊन बॅग भरू नका.

मुक्कामाची जागा ठरवताना पुष्कळ लोक एक चूक करतात. बेटाच्या दक्षिणेकडच्या लांबलचक, शांत दिसणाऱ्या पुळणींची छायाचित्रे पाहून तिकडे मुक्काम करतात आणि सर्फिंगसाठी रोज उत्तरेला ये-जा करतात. बेट टोकापासून टोकापर्यंत सुमारे 100 किलोमीटर आहे. हा खटाटोप दोन दिवसांत नकोसा होतो. दक्षिणेचा सोताव्हेंतो किनारा तर नावानेही फसवतो. या नावाचा अर्थ ‘वाऱ्याच्या आडची बाजू’ असा, पण बेट तिथे निमुळते होते आणि त्या पट्टीवरून वारा वेग घेऊन येतो. 1980 च्या दशकापासून तिथे विंडसर्फिंगच्या जागतिक स्पर्धा होतात त्या यामुळेच. तुम्ही उत्तरेला, कोरालेहो किंवा एल कोतियो इथे राहा. कोरालेहो मोठे, दुकाने आणि खानावळी असलेले, संध्याकाळी गजबजणारे गाव आहे आणि किशोरवयीन मुलांना ते आवडते. एल कोतियो लहान आणि निवांत आहे. माझा कल एल कोतियोकडे आहे, आणि तो तुमच्या यजमानांमुळे.

या गावाच्या दक्षिणेला एक उघडी, वाळूच्या तळाची पुळण आहे, जिथे लाट येते आणि बरेच प्रशिक्षक विद्यार्थ्यांना घेऊन येतात. गावाच्या उत्तरेला मात्र लाव्हाच्या खडकांनी बाहेरची लाट अडवलेली उथळ, पोपटी-निळ्या पाण्याची तळी आहेत. ओहोटीच्या वेळी तिथे पाणी एखाद्या मोठ्या परातीत ठेवल्यासारखे स्थिर असते. ज्या काळ्या खडकांची यजमानांना भीती वाटते, तेच खडक इथे समुद्राला बाहेर थोपवून धरतात. ज्यांना गुडघाभर पाण्यात बसून हात हलवायचे आहेत, त्यांच्यासाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही. भरती-ओहोटीच्या वेळा रोज पाहत जा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी खूप चढते आणि उतरते, अष्टमीच्या आसपासच्या भांगाला कमी. शक्यतो सहल अशा बेताने आखा की शिकवणीचे पहिले दिवस उधाणावर येणार नाहीत.

आता ज्या गोष्टीला तुम्ही पत्रात एकच ओळ दिली आहे, तिच्याकडे वळते. ‘लहानपणी ते विहिरीत बुडता बुडता वाचले.’ वीस वर्षांहून अधिक काळ सोबत राहिलेल्या माणसाविषयीची ही ओळ इतकी छोटी का, असे मला वाचताना वाटले. मुलांना ही गोष्ट माहीत आहे का? नसेल, तर त्यांना बाबांचा विरोध हा नुसता नकार वाटत असणार, आणि नकाराशी वाद घालता येतो. भीतीशी वाद घालून काही मिळत नाही. तुम्ही त्यांच्या वतीने सांगू नका. त्यांना विचारा, मुलांना सांगाल का? आणि मग त्यांना ‘घाबरू नका’ असे कोणीही म्हणू नये, कारण विहिरीत गुदमरलेल्या माणसाला पाण्याविषयी जे माहीत आहे ते आपल्याला माहीत नाही. ‘काय झाले तर तुम्हाला बरे वाटेल?’ असे विचारून पाहा. मी स्वतः बेचाळिसाव्या वर्षी पोहायला शिकले, आणि पहिले तीन आठवडे मला कोणाच्या धीर देण्याचा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो एका बाईंनी तलावाच्या कोणत्या कडेला पाणी छातीपर्यंतच आहे हे पायाने दाखवून दिले तेव्हा. भीती असलेल्या माणसाला नेमकी माहिती लागते.

तुमच्या यजमानांनी पाण्यात उतरलेच पाहिजे असेही नाही. कुटुंबाची सुट्टी म्हणजे चौघांनी एकच गोष्ट एकाच वेळी करायची, हे गृहीतक तुमच्या पत्रात सगळीकडे पसरलेले आहे, आणि मला ते पटत नाही. सकाळी तिघे पाण्यात आणि एक जण बेटावर फिरायला, दुपारी चौघे मिळून शांत तळ्याकाठी, ही विभागणी कोणाला दुरावणारी नाही.

तुमच्या तयारीविषयी थोडे कठोरपणे लिहिते. ‘मला पोहता येते, पण तलावातच,’ असे तुम्ही कळवले आहे. मग जाण्याआधी किमान चार महिने आठवड्यातून तीनदा पोहा. न थांबता 200 मीटर पोहता आले पाहिजे, पाय न टेकता दहा मिनिटे तरंगता आले पाहिजे, आणि तोंडावर पाणी आले तरी श्वास बिघडता कामा नये. मुलीलाही हीच अट लावा. घरी जमिनीवर पालथे झोपून, हात छातीशी टेकवून, एका झटक्यात दोन्ही पायांवर उभे राहण्याचा सराव रोज दहा वेळा करा. लाटेवर नेमके हेच करायचे असते आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी गुडघे-कंबर आधी कुरकुरतात, त्यांना आधीपासून सांगितलेले बरे.

प्रशिक्षक निवडताना दरापेक्षा तीन गोष्टी विचारा : एका प्रशिक्षकामागे किती विद्यार्थी असतात (आठपेक्षा जास्त असतील तर दुसरा पाहा), रोजची पुळण लाट पाहून बदलतात की ठरलेलीच असते, आणि नवशिक्यांना मऊ पृष्ठभागाची लांब फळी देतात का. पाण्यात उतरण्यापूर्वी त्यांनी समुद्राकडे ओढणाऱ्या प्रवाहाविषयी सांगितले नाही, तर तुम्ही विचारा. हा प्रवाह माणसाला खाली ओढत नाही, बाहेर नेतो. त्याच्या विरुद्ध किनाऱ्याकडे हात मारत राहिले की माणूस दमतो आणि दमल्यामुळे बुडतो. फळी सोडू नये, तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी, आणि जमेल तेव्हा किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहातून बाजूला व्हावे. पडताना डोके खाली करून कधीही उडी मारू नका, सपाट पडा. वर येताना हातांनी डोके झाका, कारण घोट्याला दोरीने बांधलेली फळी परत येत असते. पाण्यातून चालताना फळी आपल्या आणि लाटेच्या मध्ये कधी धरू नका, अंगाच्या बाजूला धरा. नवशिक्यांना मार बसतो तो बहुधा स्वतःच्याच फळीचा. किनाऱ्यावर लाल झेंडा असेल तर त्या दिवशी वाळूच्या टेकड्यांत फिरायला जा. मदतीसाठीचा क्रमांक 112 आहे.

दहा दिवसांतले दोन-अडीच दिवस प्रवासात जातील, कारण युरोपात कुठे तरी विमान बदलावे लागेल. उरलेल्या दिवसांत सलग पाच दिवसांची शिकवणी घेऊ नका. दोन दिवस, मग एक दिवस विश्रांती, मग दोन दिवस असे करा. दुसऱ्या दिवशी रात्री तुमचे खांदे असे दुखतील की तिसऱ्या दिवशीचा समुद्र तुम्हाला आवडणार नाही. विश्रांतीच्या दिवशी कोरालेहोसमोरच्या लोबोस या छोट्या बेटावर होडीने जाता येते, तिथे जाण्याची परवानगी आधी घ्यावी लागते. मुलाला पहिले दोन दिवस तुमच्याबरोबर आणि नंतर पुढच्या वर्गात घाला. त्याचा वर्ग वेगळा असणे त्याच्याही मानासाठी चांगले.

कागदपत्रांत एकच गोष्ट लोक विसरतात. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचे वैद्यकीय विमासंरक्षण लागतेच, पण त्या पॉलिसीत सर्फिंग धरले आहे की ‘साहसी खेळ’ म्हणून वगळले आहे, हे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. ते वाचूनच पैसे भरा. अर्ज सहलीच्या सहा महिने आधीपासून करता येतो. ऑक्टोबरची गर्दी लक्षात घेता उन्हाळ्यातच करा.

आणि पहिल्या दिवसाविषयी. यजमानांना किनाऱ्यावर येऊन पाहायचे असेल तर येऊ द्या, नसेल तर त्यांनी मोटार घेऊन डोंगरांमधल्या बेतांकुरियाला जावे. पंधराव्या शतकाच्या आरंभी वसलेली ती बेटाची जुनी राजधानी आहे आणि तिथून समुद्र दिसतही नाही. ते किनाऱ्यावर आले तर त्यांना आदल्या रात्रीच सांगून ठेवा की तुम्ही पडणार आहात, एका तासात वीस-तीस वेळा पडणार आहात, आणि दर वेळी तुमचे डोके पाण्याखाली जाणार आहे. फेसाळ पाण्यात ते वर यायला दोन-तीन सेकंद लागतात. काठावरून ते फार लांब वाटतात. त्यांना घड्याळात मोजायला सांगा.